सोज्वळ रंगाचं अर्धं दार

त्या दिवशी सकाळी बाबा दार रंगवत होते आणि त्यात विशेष असं काही नव्हतं. बाबा नेहमीच काहीतरी रंगवत असत. हिशेबखात्यातून निवृत्त झालेली माणसं सकाळी फिरायला जातात, बागेत बाकावर बसून सरकारला नावं ठेवतात, दुपारी औषधाच्या दुकानात जाऊन वजन करतात. बाबांनी ब्रश हातात घेतला. गॅलरीचा कठडा झाला, स्वयंपाकघरातलं स्टूल झालं, मुलीचं लहानपणीचं कपाट झालं, पत्र्याची ट्रंक झाली. नवाकोरा आणलेला पंखासुद्धा त्यांनी 'जरा उजळ करतो' म्हणून एकदा खाली उतरवला होता. घरातली वस्तू एका जागी फार काळ स्वस्थ राहिली की तिला रंग लागे. आई म्हणायची, "मी दुपारची फार वेळ झोपत नाही, ते उगाच नाही."

बाबांचा एकच दंडक होता. असलेला रंग संपल्याशिवाय नवा आणायचा नाही. पण रंग कधी संपतच नसे. प्रत्येक डब्याच्या तळाशी थोडा उरायचा आणि तो टाकून देणं हे बाबांच्या हिशेबखात्यात बसत नव्हतं. मग डबा माळ्यावर जायचा आणि तिथे वर्षानुवर्षं स्वस्थ पडून राहायचा. यंदा त्यांनी त्यातले काही खाली काढले आणि कठड्याचा हिरवा, कपाटाचा गुलाबी, ट्रंकेचा करडा नि स्टुलाचा पिवळा एका डब्यात ओतून काठीने ढवळले. त्यातून जे निघालं, त्याला रंग म्हणणं हा बाकीच्या रंगांवर अन्याय होता. बाबा त्याला 'सोज्वळ' म्हणाले.

दार दोन कवाडांचं होतं. त्यांची मुलगी कामावर जायला निघाली तेव्हा डावं कवाड रंगवून झालं होतं आणि बाबा दोन पावलं मागे सरून, मान तिरपी करून बघत होते.

"कसा वाटतो?"

ती एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. घरी मात्र तिने कधी कुणाची चूक काढली नव्हती. घरात अशा वेळेसाठी एक शब्द ठरलेला होता. तो आईने आणला, की भावाने, की तिने, कुणास ठाऊक. पण अडचणीच्या वेळी तिघंही तोच वापरत.

"वेगळा आहे," ती म्हणाली.

"आहे ना?" बाबा खूश झाले. "डावं झालं. उजवं उद्या."

ती बाही सांभाळत, अंग चोरून, मधल्या फटीतून बाहेर पडली. संध्याकाळी परतली तेव्हा बाबा ब्रश धूत होते. जेवताना त्यांनी स्टुलाकडे दोनदा रोखून पाहिलं. स्टुलाचे दिवस भरत आले होते हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

पहाटे बाबा झोपेतच गेले. उजवं राहिलं.

भेटायला येणाऱ्यांची मोठी पंचाईत झाली. माणूस जिन्यातून येतानाच चेहरा तयार करून येतो. इथे वर पोचल्यावर समोर एक कवाड तपकिरी आणि एक सोज्वळ. तयार केलेला चेहरा जागच्या जागी सुटायचा. समोरच्या काकू जाता-येता थबकायच्या. "आजारी पारव्यासारखा दिसतो नाही?" त्या एकदा पुटपुटल्या आणि लगेच म्हणाल्या, "पण देवमाणूस हो!" या दोन वाक्यांचा संबंध काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

आईचा खोकला बळावला तो त्यानंतर. आधी सगळ्यांनी तो दुःखाच्या खात्यावर टाकला. डॉक्टर घरी आले, छाती तपासली आणि नाक वर करून विचारलं, "हा वास कसला?"

मायलेकींनीही नाकं वर करून हुंगून बघितलं. त्यांना वास येत नव्हता. म्हणजे येत होता, पण घराला असतो तसाच तो वास आहे अशी त्यांची समजूत होती.

डॉक्टरांनी माळ्याचं दार उघडलं आणि तितक्याच तत्परतेने लावून घेतलं. "थिनर, टर्पेंटाइन, वॉर्निश... झाकणं गंजलीत सगळी. हे सगळं आधी घराबाहेर काढा. हे इथे आहे तोवर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही."

"सगळं ने," आई तिला म्हणाली. "दाराचा डबा तेवढा राहील. उजवं झाल्याशिवाय तो हलायचा नाही."

"अगं, ते म्हणाले ना, सगळंच—"

"अर्ध्या दाराने मी राहणार नाही. आणि रंग तोच हवा."

म्हणजे आईला धड श्वास घेता यावा म्हणून डबा जायला हवा होता आणि आईला धड जगता यावं म्हणून डबा राहायला हवा होता. पुस्तकांमधले असले पेच तिने पुष्कळ वाचले होते. त्यांत निदान राजे असत, तलवारी असत. इथे थिनर होतं.

तिने माळा खाली काढला. डबे किती आहेत हे मोजण्याच्या फंदात ती पडली नाही. काही रंग मूळ डब्यांत होते, काही आइस्क्रीमच्या, काही बिस्किटांच्या. प्रत्येकावर बाबांच्या सुबक अक्षरात शेरा होता: 'चालेल'. 'अजून चालेल'. 'चालायला हवं'. एका काळ्या बाटलीवर 'काय आहे ते बघणे' असं लिहिलं होतं. ते बघायचं राहूनच गेलं असावं.

आता खरं तर यात अवघड काय? जुने डबे, उचलायचे आणि टाकायचे. पण एखादी गोष्ट सोपी आहे असं सगळी इमारत म्हणू लागली, की माणसाने सावध व्हावं.

"मोरीत ओत नि वरून बादलीभर पाणी," काकू म्हणाल्या. "आम्ही कायम तेच करतो."

वरच्या मजल्यावरचे निवृत्त शास्त्रशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांना हा उपाय अशास्त्रीय वाटला. "एकदम नाही ओतायचं. थोडं थोडं. सौम्यीकरण म्हणतात त्याला. रोज कपभर."

सोसायटीचे सेक्रेटरी व्यवहारी होते. "पलीकडच्या सोसायटीचा कचऱ्याचा डबा उघडाच असतो," एवढंच म्हणून त्यांनी आकाशाकडे बघितलं.

आणि भाऊ, म्हणजे दादा, तो परदेशातून फोनवर म्हणाला, "अगं, तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस. आमच्याकडे फोन केला की येऊन घेऊन जातात."

"मग ये आणि घेऊन जा," ती म्हणाली. त्यानंतर लाइन बिघडली.

तिची अडचण अशी झाली होती, की तिने डब्याची पाठ वाचली होती. छापलेलं दिसलं की वाचायचं, ही सवय. आयुष्यभर एवढी पुस्तकं वाचली, पण डब्यामागचं बारीक अक्षर कधी वाचलं नव्हतं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं: 'उरलेला रंग वा थिनर गटारात, जमिनीवर अथवा पाण्यात टाकू नये. नियमानुसार विल्हेवाट लावावी.' नियम कोणते, ते सांगायला डब्यावर जागा पुरली नसावी. एकदा वाचल्यावर मात्र तिला ते न वाचल्यासारखं करता येईना. मोरीचं पाणी पुढे कुठे जातं, हा विचार माणसाने करू नये. ती करत बसली आणि गेली ती मोरी हातची.

तोवर आईच्या नाकापासून दूर म्हणून तिने डबे जिन्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवले. तासाभरात सेक्रेटरी हजर.

"ताई, हे ज्वालाग्राही आहे. जिन्यात चालणार नाही."

"माळ्यावर इतकी वर्षं होतंच की."

"तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. माहीत नसलेलं आम्हाला चालतं."

डबे पार्किंगमध्ये गेले, अगदी भिंतीच्या कडेला. त्यातल्या 'चालायला हवं' या डब्याने नावाप्रमाणे चालायचं ठरवलं. त्याचं बूड गंजलं होतं. सकाळी सेक्रेटरींची गाडी त्या ओघळातून गेली आणि एका चाकाने साऱ्या आवारात लाल ठसे उमटवले. ते ठसे फाटकाबाहेर गेले, रस्त्याने वळले आणि सरळ पलीकडच्या सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन थांबले. तिथे सेक्रेटरी रोज सकाळी काय टाकायला जातात, यावर दोन्ही सोसायट्यांत आठवडाभर ऊहापोह झाला. सेक्रेटरींनी तिच्याशी बोलणं सोडलं. फुकटचा एक सल्लागार कमी झाला, एवढाच त्या डब्याचा उपकार. पसरलेल्यावर तिने लाकडाचा भुसा टाकला, भुशाने रंग पिऊन घेतल्यावर तो खरवडून डब्यात भरला. त्यात तिची एक सुट्टी आणि बरीचशी प्रतिष्ठा गेली. आवारातली माणसं आता तिला 'रंगवाल्या ताई' म्हणू लागली होती. ज्ञानकोशाचे खंड तपासलेल्या बाईला ही पदवी घेणं जड गेलं.

शेवटी ती पालिकेत गेली.

घनकचरा विभागातल्या गृहस्थांनी तिचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. "हे द्रव आहे का?"

"हो."

"मग घन कसं होईल?"

मलनिःसारण विभागाने हात जोडले. "आमच्याकडे येऊ देऊ नका, एवढीच कृपा करा." अग्निशमनवाल्यांनी विचारलं, "पेटलंय का?" ती नाही म्हणाली. "मग सध्या आमचा विषय नाही. पेटलं की कळवा." त्यांच्या बोलण्यात आपुलकी होती.

इमारतीच्या मागच्या बाजूला, सायकलींच्या गर्दीत, 'घरगुती घातक कचरा संकलन केंद्र' अशी पाटी अखेर तिला सापडली. आत चष्मा लावलेल्या एक बाई डबा खात होत्या. खाऊन झाल्यावर त्यांनी पुढचं विचारलं.

"पाण्यातले रंग किती, तेलातले किती?"

ती पाठ करून आली होती. "पाण्यातले म्हणजे भिंतीचे. तेलातले बाकीचे. शिवाय थिनर वगैरे."

"भिंतीचे आणू नका. झाकण उघडून हवेशीर जागी ठेवा, भुसा नाहीतर वाळू घाला, दगडासारखे वाळले की नेहमीच्या कचऱ्यात द्या. तेलातले आणि थिनर आम्ही घेतो. शक्यतो मूळ डब्यात, झाकण घट्ट, डबा उभा, एकात एक ओतायचं नाही. घर कोणाच्या नावावर?"

"वडिलांच्या."

"मग त्यांनी आणायला हवं. कचरा ज्याचा, त्यानेच."

"ते येणार नाहीत."

"बाहेरगावी असतात?"

"वारले."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अरेरे." क्षणभर थांबून त्यांनी ते पुन्हा उचललं. "हरकत नाही. प्रतिनिधी पाठवता येतो. त्यांनी फक्त सही करून तसं पत्र द्यायचं."

रांगेतला मागचा माणूस न राहवून म्हणाला, "अहो बाई, ते वारलेत."

"ऐकलं मी. म्हणूनच प्रतिनिधीची सोय सांगतेय."

तिला एकदम वाटलं, ही चर्चा बाबांना आवडली असती. हिशेबखात्यात त्यांनी लोकांना अशीच उत्तरं दिली होती आणि घरी येऊन, हसू दाबत, जेवताना सांगितली होती. तिला हसू आलं आणि पाठोपाठ जे आलं ते तिने रुमालात घेतलं. बाईंना ते दिसलं असावं, कारण त्यांनी आवाज उतरवला. "असं करा. कचरा वारसाहक्काने तुमच्याकडे आला असं दाखवू. बाकीच्या वारसांची हरकत नाही, तेवढं लिहून आणा."

आईने सही केली. दादाचा मजकूर तासाभरात आला: 'थिनर, टर्पेंटाइन, वॉर्निश व तत्सम द्रव्यांवरील माझा संपूर्ण हक्क मी स्वखुशीने सोडत आहे. वडिलोपार्जित इतर मालमत्तेस हे लागू नाही.' दुसरं वाक्य वहिनीचं असणार.

भिंतीचे रंग तिने गच्चीत वाळत घातले. वाऱ्याने थोडा भुसा उडाला आणि काकूंच्या ओल्या चादरींवर बसला. काकूंनी चादरी झटकल्या आणि दीर गेल्यापासून आपण कसं सगळं सोसतोय, ते झटकत झटकत सांगितलं. तो दीर जाऊन वीस वर्षं झाली होती. असो.

राहिला तो सोज्वळ डबा.

तो ढवळायची काठी तिने कागदात गुंडाळली आणि रंगाच्या दुकानात नेली. काठीवर रंग वाळून घट्ट बसला होता. "हाच रंग हवाय," ती म्हणाली. "पण पाण्यातला. वास नको."

दुकानदाराने काठी उजेडात धरली, मग ट्यूबलाइटखाली धरली, मग चष्मा पुसला.

"मॅडम, हा रंग चुकून होतो. मुद्दाम होत नाही."

"मला मुद्दाम हवाय."

"त्यापेक्षा हे पुस्तक बघा ना. यात इतके रंग आहेत. हा सायीचा रंग बघा, काय थंड वाटतो."

"हाच."

दुकानात रंग मिसळायचं यंत्र होतं. काठी त्याच्या डोळ्यासमोर धरली की ते रंग ओळखतं, अशी त्याची ख्याती होती. यंत्राने बराच वेळ विचार केला आणि राखाडी रंग दिला. पुन्हा धरल्यावर मातकट दिला. दुकानदार आता इरेला पेटला. त्याने यंत्र बंद केलं, बाह्या सारल्या आणि थेंब थेंब हिरवा, गुलाबी, पिवळा असं घालत बसला. "जरा गुलाबी वाढवा," ती म्हणाली. कपाट मोठं होतं, त्याचा रंग जास्त उरला असणार, असा तिचा हिशेब. तो बरोबर निघाला.

"घ्या," दुकानदार घाम पुसत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान आणि शरम यांचं मिश्रण होतं. तेही साधारण त्याच छटेचं. "पाण्यातला आहे. थिनर लागत नाही, ब्रश साबणाने धुवा. वास नसल्यासारखाच, तरी खिडक्या उघड्या ठेवा. जुन्या दारावर आधी ओला पॉलिशपेपर मारा, कोरडा नको, धूळ छातीत जाते. मग प्रायमर. किती देऊ?"

"एका कवाडापुरता."

"थोडा जास्त घ्या. उरला तर उरला."

"उरायला नको," ती म्हणाली.

वजनाच्या आणि बिलाच्या मध्ये त्याने विचारलं, "झाकणावर नाव काय लिहू? माझ्याकडे असा रंग पूर्वी झाला नाही."

"सोज्वळ."

त्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि लिहिलं.

घरी आईने नव्या डब्यात बोट बुडवलं आणि डाव्या कवाडाच्या कडेला लावून बघितलं. बोट लावलं तिथे काही दिसेना. "हाच," ती म्हणाली. "आता तो जुना ने बाई."

केंद्रातल्या बाईंनी सगळे डबे उभे करून घेतले. काळ्या बाटलीवरचा 'काय आहे ते बघणे' हा शेरा वाचून त्यांनी मान डोलावली आणि ती वेगळी ठेवली. शेवटच्या डब्याचं झाकण त्यांनी किलकिलं केलं.

"यात काय आहे?"

"कठडा," ती म्हणाली. "कपाट, ट्रंक आणि स्टूल."

बाईंनी थोडा विचार केला आणि लिहिलं: तेलरंग, मिश्र. डबा आत गेला. ती रिकाम्या पिशवीची घडी घालत जरा जास्तच वेळ तिथे उभी राहिली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिने उजवं कवाड घासलं, पुसलं, प्रायमर लावलं. दुपारी रंग लावायला घेतला. मास्तर खाली उतरले, हवा हुंगून म्हणाले, "वास नाही तो रंग कसला? फोडणीशिवाय आमटी." तरी ते पायरीवर बसून राहिले. काकूही आल्या. त्यांनी काहीच सल्ला दिला नाही, यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळावं.

आई बाहेर स्टुलावर बसली होती. पिवळं स्टूल, त्याचे दिवस लांबले होते. खोकला उतरला होता.

"वास नाही येत गं," आई म्हणाली.

"नाही येत."

"बरंय. पण घर ओळखीचं वाटत नाही."

तिने ब्रश वरून खाली ओढला. बाबांचे फटकारे आडवे होते, तिचे उभे पडले. दोन कवाडं मिटली की मध्ये एक रेघ दिसे. रंग तोच, तरी हात कुठे बदलला ते कळत होतं. ती रेघ बुजवता आली असती. तिने बुजवली नाही.

शेवटचा कोपरा झाला तेव्हा डबा रिकामा झाला होता. तळाशी काहीच उरलं नव्हतं. बाबांना हे पटलं नसतं. ती दोन पावलं मागे सरली. मान आपोआप तिरपी झाली.

"कसा वाटतो?" आईने विचारलं.

"वेग—" ती म्हणाली आणि थांबली. आई तिच्याकडे न बघता दाराकडे बघत होती.

तिने ब्रश रिकाम्या डब्यावर आडवा ठेवला, डाव्या कवाडासमोर जाऊन उभी राहिली आणि साध्या आवाजात, कुणी समोर असावं तसं म्हणाली,

"बाबा, भयंकर दिसतोय. उजवंही झालं."